किरनापुरातील उतरती छपरे

बालाघाटहून लांजीकडे जाताना वाटेत किरनापुर लागते. लांजीला जुना किल्ला, म्हणून प्रवाशाची पावले तिकडे वळतात. किरनापुरात चित्रवही उघडावी असे काही असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

येथील जुने घर रेखाटू लागले की पेन्सिल प्रथम छपरावरच जाते. भिंती मातीच्या, ठेंगण्या. वर कवेलूंचे भले मोठे छप्पर. नुसते रूप पाहणाऱ्याला हे प्रमाण बेढब वाटेल. परंतु वैनगंगेच्या या खोऱ्यात पाऊस ठाण मांडून बसतो, आणि पाणी हा मातीच्या भिंतीचा खरा वैरी. म्हणून वळचण चांगली पुढे काढलेली, पागोळ्या पायापासून दूर पडाव्यात अशी. पुढच्या छपरीचे खांब मला सारख्या अंतरावर काढता येईनात. नीट पाहिले तेव्हा दारासमोरचा गाळा मुद्दाम रुंद ठेवलेला दिसला. धानाची पोती तेथूनच आत जायची.

आता स्लॅबची घरे वाढत आहेत. त्यांना नावे ठेवणे मला पटत नाही. दरवर्षी छप्पर शाकारण्याचा त्रास ज्याने सोसला त्यालाच तो ठाऊक. मौज अशी की स्लॅब तापू वा गळू लागला की त्यावर पत्रे चढतात, आणि तेही उतरतेच! मात्र त्यांच्याखाली छपरी नसते.

१९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. शाळा-कचेरीची भाषा हिंदी; मराठी उरली ती घरात, आढे, वासा, तुळई, वळचण अशा घराच्याच अवयवांत. ज्या मुलाने पागोळीखाली हात धरला नाही, त्याला तो शब्द कोशातून शिकवावा लागेल.

शनिवारवाड्याचे लाकडी महाल १८२८ च्या आगीत गेले. तेथील दरबाराची कल्पना आज आपल्याला येते ती टॉमस डॅनियलच्या १८०५ च्या चित्रावरून. तेही त्याने जेम्स वेल्सने पुण्यात केलेल्या रेखाटनांच्या आधारे रंगविले. वेल्स १७९५ मध्येच वारला होता. पेशव्यांच्या वाड्याला असा माणूस लाभला. किरनापुरच्या छपरीसाठी एवढा मोठा चित्रकार नको. सुटीत आजोळी जाणाऱ्या मुलांनी एकेक पान काढावे, खांबांमधले अंतर हाताने मोजावे, प्रत्येक भागाशेजारी आजीच्या तोंडचे नाव लिहावे. आणि जे घर यंदा पाडायचे ठरले आहे, तेथे आधी जावे.