शेवटच्या तासाचा मजूर



आज एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, पण ऐकताना तुम्हाला ती आपल्याच शिवारातली वाटेल. तिच्या निमित्ताने माझी एक चूकही सांगायची आहे. ती सांगायला बरेच दिवस धीर होत नव्हता.

पिंपरी पेंढार हे आमचं गाव कल्याण-नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधे. थंडी पडली की इथे कांदा लागवडीची झुंबड उडते. रोप तयार असतं, पाणी सोडलेलं असतं आणि माणसं मिळत नाहीत. मग सकाळी सकाळी फाट्यावर पिकअप उभ्या राहतात, मजुरांशी घासाघीस होते, कुणी हजेरीवर जातं, कुणी उक्तं काम घेतं. काही कुटुंबं बाहेरून येतात आणि वावराच्या कडेला पाल ठोकून लागवडीपासून काढणीपर्यंत इथेच राहतात. त्यांच्याबरोबर त्यांची पोरंही येतात. ही पोरं आमच्या वस्तीवरच्या शाळेत डिसेंबरात दाखल होतात. तोवर पहिलं सत्र संपून दुसरं सुरू झालेलं असतं.

असाच एक मुलगा चौथीत आला. नाव सांगत नाही. वय चौथीचं, वाचन मात्र पहिलीचं. जोडाक्षर दिसलं की थांबायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. सकाळी धाकट्या बहिणीला सांभाळून, आई कामाला गेली की यायचा, म्हणजे रोज उशीर. मी त्याला दाराजवळ शेवटी बसवलं होतं. कारण विचाराल तर आल्यावर बाकीच्यांना अडथळा नको म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

जानेवारीत एक दिवस वाचन तपासायला वरिष्ठ येणार असल्याचा निरोप आला. माझा वर्ग चांगला वाचतो, त्याचा मला अभिमान आहे. आदल्या दिवशी शाळा सुटताना मी त्या मुलाला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "उद्या आईबरोबर गेलास तरी चालेल हं."

तो म्हणाला, "बरं सर."

एवढंच. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर, त्या वेळी फारसं वाटलं नाही. तपासणी छान झाली. परवा दिवशी तो नेहमीसारखा उशिरा आला आणि उत्साहाने मला सांगू लागला, "सर, काल मी रोपं वाहिली. मला पण अर्धी हजेरी दिली!" माझ्या हजेरीपत्रकात त्या दिवशी तो गैरहजर होता आणि वावरात त्याची अर्धी हजेरी लागली होती. दहा वर्षांच्या पोराला मजुरीला कुणी पाठवलं? त्याच्या गुरुजींनी.

आता त्या गोष्टीकडे येतो. २०२० च्या जानेवारीत धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३ वं मराठी साहित्य संमेलन झालं आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. त्यांच्याविषयी वाचताना त्यांनी केलेलं 'सुबोध बायबल' माझ्या हाती लागलं. मी ख्रिस्ती नाही. धर्म समजून घ्यावा असा काही मोठा हेतूही नव्हता, शनिवारच्या गोष्टीच्या तासाला नवीन गोष्टी मिळतील एवढाच विचार होता. आणि मिळाल्या! येशूच्या गोष्टींत राजवाडे, पऱ्या, राक्षस जवळजवळ नाहीतच. पेरणारा शेतकरी, हरवलेलं मेंढरू, पिठात कालवलेलं खमीर, घर झाडून हरवलेलं नाणं शोधणारी बाई, हेच सगळं. आपल्या मुलांना यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

त्या शनिवारी मी मत्तयाच्या शुभवर्तमानातली, विसाव्या अध्यायातली गोष्ट सांगितली. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकात जातो आणि दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर आणतो. दिनार म्हणजे चांदीचं नाणं, तेव्हाची एका दिवसाची मजुरी. नऊ वाजता पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो, दर वेळी आणखी माणसं आणतो. शेवटी संध्याकाळी पाचला जातो, तरी काही जण उभेच असतात. त्यांनाही घेऊन येतो. दिवस मावळल्यावर मुकादमाला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून पैसे द्यायला लाग. पाचला आलेल्यांना एक दिनार मिळतो. पहाटेपासून राबलेल्यांना वाटतं, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दिनार.

वर्गात एकच गलका झाला. तुम्ही ही गोष्ट आपल्याकडच्या चौथीच्या वर्गात सांगून बघाच.

"पाच वाजता वावरात कोण जातं सर? बिबट्या येतो!" हा पहिला आक्षेप. आमच्याकडे तो अगदी रास्त आहे. उसात बिबट्याचा वावर असल्याने दिवस कलला की मजूर घराची वाट धरतात. मी म्हटलं, त्या गावात बिबट्या नव्हता असं धरू. मग एका बागाईतदाराची मुलगी म्हणाली, "असं केलं तर उद्या सगळे पाचलाच येतील. आमचे पप्पा तर दिवाळखोर होतील." हेही खरं. कांद्याचा भाव कधी पडेल याचा नेम नाही आणि मजुरी मात्र रोख द्यावी लागते, हे त्या घरातलं पोर बरोबर शिकलेलं असतं. एकाने हिशेब मांडला की पाचला आलेल्याला तासाच्या मानाने दिनाराचा बारावा भाग मिळायला हवा. गणित अचूक होतं, मी शाबासकी दिली.

मग मी विचारलं, "ते पाचपर्यंत रिकामे का उभे होते?"

"आळशी होते!" तीन-चार जण एकदम.

दाराजवळून आवाज आला, "आळशी असते तर घरी गेले असते."

वर्ग मागे वळून बघू लागला. तो मुलगा स्वतःहून बोलल्याची ती पहिलीच वेळ. थोडा अडखळला, पण पुढे बोलला, "पाचपर्यंत उभे राहिले म्हंजे काम पाहिजे होतं. त्यांना कोणी नेलंच नसेल. म्हातारी माणसं असतील. म्हातारी माणसं लवकर नेत नाहीत गाडीत."

मित्रांनो, मूळ गोष्टीत मालक त्यांना हाच प्रश्न विचारतो आणि ते नेमकं हेच उत्तर देतात की आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. मी ते वर्गात अजून सांगितलेलं नव्हतं. पुस्तकात मी ती ओळ वाचली होती आणि पुढे गेलो होतो. फाट्यावर आईबापाशेजारी उभ्या राहिलेल्या पोराने ती न वाचता ओळखली.

हिशेब मांडणारा मुलगा गप्प बसला नाही. तो म्हणाला, "पण एक तास काम केलं त्याला पूर्ण पैसे का?" त्यावर याचं उत्तर, "भाकरी तर पूर्ण दिवसाची लागती ना."

पुढे मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. मनात एकच चाललं होतं. हा पोरगा डिसेंबरात आला, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या तासाला आलेला मजूर. उशिरा आला तो आळशी म्हणून नाही. आणि मी त्याला चौकात उभं ठेवलं. उभं तरी कुठे, घरी पाठवलं!

आपण मुलांना म्हण शिकवतो, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. हीच शिकवण मत्तयाच्या सातव्या अध्यायात आहे आणि मराठी बायबलात शब्दही तेच आहेत, कुसळ आणि मुसळ. मी फळ्यावर ती म्हण कित्येकदा लिहिली असेल. त्याच पुस्तकात आणखी एक फार अवघड गोष्ट सांगितली आहे. देवापुढे दान ठेवताना आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर दान तिथेच ठेवावं आणि आधी त्याच्याशी समेट करून यावं. पूजा नंतर. आणि पौलाने इफिसच्या लोकांना लिहिलंय की राग दिवस मावळेपर्यंत राहू देऊ नका. वाचायला सोपं आहे. चाळिशी ओलांडलेल्या गुरुजींना पालावर जाऊन माफी मागायला मात्र पाय उचलत नाही.

मला धीर दिला तो लक्ष्मीबाई टिळकांनी. 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचलं नसेल तर या सुट्टीत वाचा. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत आलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षांनी त्या पतीकडे परत आल्या, पण आपलं सोवळं घेऊनच, स्वयंपाक वेगळा. ते सोवळं हळूहळू कसं सुटलं, आपण कुठे कुठे चुकलो, कुठे हट्ट केला, हे त्यांनी स्वतःलाच हसत लिहिलंय. शाळेची पायरी न चढलेली ही बाई आपल्या चुका चारचौघांत इतक्या मोकळेपणी सांगते आणि वाचताना तिच्याविषयीचा आदर वाढतच जातो. मग माझंच काय जाणार होतं?

त्याच संध्याकाळी पालावर गेलो. उसाच्या कडेने जाताना सगळे करतात तसं मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून, हातात काठी घेऊन. दिवस अजून मावळला नव्हता. त्याची आई चुलीपुढे होती. मी झालं ते सगळं सांगितलं, त्याला घरी राहायला मीच सांगितलं हेही. ती घाबरलीच. "गुरुजी, असं नका म्हणू. त्याला येत नाही तर तुम्ही तरी काय करणार?" हे वाक्य मला रागाच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं. सोमवारी वर्गापुढेही सांगितलं. मुलं थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग कुणीतरी विचारलं, "सर, मग आता तो कुठं बसणार?" त्याला पुढे घेतलं. रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटं वाचन, आणि तो हिशेब मांडणारा मुलगा त्याचा जोडीदार. दोघांचं फार जमलं.

एका पालकाने मात्र मला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही पोरांना ख्रिस्ती गोष्टी का सांगता?" प्रश्न आदरानेच विचारला होता, म्हणून इथे उत्तर देतो. आपल्या शेजारी ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, त्यांना आपण तुकोबांचे गुरू मानतो. रेव्हरंड टिळक स्वतः सांगत की मी तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि त्यांनी ख्रिस्तावर लिहिलं तेही अभंगांत. आपल्याच जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी बायका-मुली आणून वाढवल्या, शिकवल्या, त्यांच्या हाती छापखाना दिला. कुणीच न नेलेली माणसं होती ती. मुलांना मी कुठल्या धर्मात जा असं सांगत नाही. उसनी घेतलेली वस्तू चांगली निघाली तर कुणाच्या घरची होती ते सांगावं, एवढंच मी करतो. त्या पालकांचं पूर्ण समाधान झालं की नाही, माहीत नाही. पण त्यांची मुलगी येते, आणि हो, दिवाळखोरीचा मुद्दा मांडणारी तीच.

एप्रिलमध्ये कांदा काढणी संपली. एके दिवशी दुपारी तो दप्तर घेऊन आला, सकाळी गाडी भरायची होती. तोवर तो जोडाक्षरांवर थांबत असे, पण थांबून पुढे जात असे. अख्खं पान वाचायला त्याला बराच वेळ लागे, तरी वाचत असे. मी स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड भरलं, त्यावर तो कुठवर आलाय ते नीट लिहिलं. तो उभा राहून माझं अक्षर वाचायचा प्रयत्न करत होता.

"सर, तिकडं पण उशिराच जाऊ आम्ही. घेतील ना?"

मी त्याला सांगितलं की २००९ चा कायदाच आहे, वर्षात कधीही गेलास तरी शाळेला तुला घ्यावंच लागतं. त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावर खात्री दिसेना. म्हणून कार्डाच्या मागे मी माझा फोन नंबर लिहिला आणि म्हटलं, नाही म्हणाले तर त्यांना या नंबरवर फोन करायला सांग.

त्याने तो नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. एकही चुकला नाही.