तेरावा खंड

टॉल्स्टॉयच्या साहित्याचा तेरावा खंड चामड्याचा आहे, असे म्हटले तर ती निव्वळ कोटी ठरू नये. १८८० च्या दशकात, पन्नाशी उलटल्यावर, हा उमराव मॉस्कोतील खामोव्निकी भागातल्या आपल्या घरी जोडे शिवायला शिकला. त्याने शिवलेला एक जोड मिखाईल सुखोतिनला मिळाला. पुढे १८९९ मध्ये हा सुखोतिन टॉल्स्टॉयचा जावई झाला. त्याने ते बूट टॉल्स्टॉयच्या बारा खंडांशेजारी फळीवर ठेवले आणि त्यांवर ‘खंड तेरावा’ अशी चिठ्ठी डकवली, असे सांगतात.

रशियन ‘सपोगी’ म्हणजे जवळजवळ गुडघ्यापर्यंत येणारे चामडी बूट. पायाला मोज्याऐवजी कापडाची पट्टी गुंडाळून ते चढवायचे. चिखलाबर्फाच्या त्या देशात त्यांची गरज सर्वांनाच. पण गरीब शेतकरी झाडाच्या सालीच्या विणलेल्या ‘लाप्ती’ घालून चाले. बूट ही ऐपतीची खूण होती. गोगोलच्या ‘मृत आत्मे’मध्ये (१८४२) चार जोड आधीच करवून घेतलेला एक लेफ्टनंट मध्यरात्री पाचवा जोड पायात घालून न्याहाळत बसतो. टॉल्स्टॉयच्या ‘माणसे कशावर जगतात’ या १८८१ च्या कथेत एक धनिक वर्षभर टिकतील असे बूट मागतो. कारागीर मात्र त्याच चामड्याचे प्रेताला घालायचे मऊ जोडे शिवून ठेवतो, कारण गिऱ्हाईक त्या रात्रीपर्यंतही जगणार नाही हे त्याला ठाऊक असते. या कथेनंतर स्वतः आरी हाती धरणारा लेखक मला अधिक गंभीरपणे घ्यावासा वाटतो.

सुखोतिनच्या विनोदात आदर आहे, पण त्या आदराने बुटांचे काम मात्र काढून घेतले. कवी फेतने उलटे केले. १८८५ मध्ये त्याने टॉल्स्टॉयकडून जोड करवून घेतला (तो आखूड होता, गुडघ्यापर्यंतचा नव्हे), सहा रूबल मोजले, दुसऱ्या दिवसापासून वापरायला काढला आणि तसा लेखी दाखलाही दिला. थट्टा त्यातही असेल. तरी श्रमाचा मान मला फेतच्या सहा रूबलांत अधिक दिसतो.

मराठी वाचकाला इथेच थबकावे लागते. टॉल्स्टॉयने हे काम निवडले. कंटाळा येताच ते सोडण्याची मुभाही त्याला होती. आपल्याकडे चामड्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना ते जन्माने चिकटले, अस्पृश्यतेसह. त्यांच्या जोड्यांवर कुणी खंडाचा क्रमांक घातला नाही. जोडा घरात आला, करणारा उंबऱ्याबाहेर राहिला. म्हणून टॉल्स्टॉयचे श्रम खोटे ठरत नाहीत. मात्र त्या श्रमांचे कौतुक करताना त्यांच्यामागे असलेली निवडीची सत्ताही वाचली पाहिजे. वर्गात आपण बारा खंड शिकवतो. तेरावा शिकवायचा, तर त्याची ही बाजू गाळून चालणार नाही.