व्हॅक्यूम क्लीनरची अस्त्रं

हवानात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा एक इंग्रज. बायको सोडून गेलेली, लेक वयात आलेली आणि तिचे शौक बापाच्या खिशाला न झेपणारे. ब्रिटिश गुप्तहेर खातं पैसे देऊ करतं आणि हा हेर होतो. बातम्या आणायच्या कुठून? मग तो कल्पनेतून माणसं उभी करतो, त्यांचे पगार उचलतो आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या सुट्या भागांची मोठाली चित्रं काढून डोंगरातली गुप्त लष्करी उभारणी म्हणून लंडनला धाडतो. साहेब लोक हादरतात. ग्रॅहॅम ग्रीनच्या ‘अवर मॅन इन हवाना’तला हा वॉर्मोल्ड.

कादंबरी आली 1958 मध्ये. चारच वर्षांनी अमेरिकेच्या यू-2 विमानाने क्युबातली खरीखुरी सोव्हिएत क्षेपणास्त्रं छायाचित्रांत टिपली आणि ग्रीन द्रष्टा ठरला. वास्तविक त्याची नजर मागे होती.

महायुद्धात तो ब्रिटिश गुप्तहेर खात्यात पोर्तुगालचं काम पाहायचा. (वरिष्ठ कोण, तर किम फिल्बी, पुढे सोव्हिएत हेर निघालेला!) पोर्तुगालमधले जर्मनांचे काही हेर घरबसल्या अहवाल रचून भत्ते उकळतात, हे त्याला तिथे कळलं.

या थापाड्यांचा मेरुमणी मात्र हुआन पुजोल. हा स्पॅनिश गृहस्थ 1941 मध्ये लिस्बनला बसून जर्मनांना ‘लंडनहून’ बातम्या द्यायचा. हाताशी प्रवाशांसाठीची माहितीपुस्तिका आणि वाचनालयातली पुस्तकं. खर्चाची बिलं लावताना पौंड-शिलिंग-पेन्सचा मेळ बसेना. ग्लासगोतली माणसं लिटरभर वाइनसाठी काय वाट्टेल ते करतील, असंही त्याने ठोकून दिलं. व्हिस्कीच्या मुलखात वाइन! जर्मनांनी ही लोणकढीही पचवली. 1942 मध्ये ब्रिटिशांनी त्याला आपल्याकडे ओढलं, ‘गार्बो’ हे नाव दिलं. काल्पनिक हेरांचा त्याचा गोतावळा पुढे 27 वर गेला. जून 1944 मध्ये नॉर्मंडीचा हल्ला ही निव्वळ हूल आहे, खरा घाव कॅलेजवळ बसणार, असं त्याने जर्मनांच्या गळी उतरवलं. त्याच वर्षी त्याला जर्मनांचा आयर्न क्रॉसही मिळाला आणि ब्रिटिशांचा एमबीईही. वॉर्मोल्डच्या पदरीही अखेरीस सरकारी सन्मानच पडतो.

सगळंच असं हसण्यावारी नेता येत नाही. कादंबरीतल्या पोलिस अधिकारी कॅप्टन सेगुराची सिगारेट केस माणसाच्या कातडीने मढवलेली आहे, आणि क्युबाचा तेव्हाचा हुकूमशहा बातिस्ता याच्या पोलिस कोठड्यांतला छळ खरा होता. कॅस्ट्रोच्या क्रांतीनंतर, 1959 मध्ये, कादंबरीवरच्या चित्रपटाचं चित्रीकरण हवानातच झालं. कॅस्ट्रो स्वतः बघायला आला. पण ग्रीनने बातिस्ताच्या दहशतीची धार विनोदाने बोथट केली, म्हणून नव्या राज्यकर्त्यांना पुस्तक फारसं रुचलं नाही. आपला विषय ब्रिटिश हेराचा वेडगळपणा होता, क्रांती नव्हे, असा खुलासा ग्रीनने पुढे केला. खुलासा प्रामाणिक आहे. त्या कोठड्यांतून बाहेर पडलेल्यांना तो पटला असेल असं मात्र वाटत नाही.