घट धरली होती का?

आमच्या सासूबाई पोस्टाच्या एजंट होत्या. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या. पंचवटीतल्या वाड्यावाड्यांतून फिरून बायकांचे आर.डी.चे हप्ते गोळा करायच्या, कार्डावर सही करून द्यायच्या आणि सगळा भरणा पोस्टात नेऊन भरायच्या. शंभरावर चार रुपये कमिशन. त्या चार-चार रुपयांतून माझ्या दोन्ही नणंदांच्या शाळेच्या फिया निघाल्या, हे त्या अजूनही अभिमानानं सांगतात.

हे आधी सांगायचं कारण असं, की २०२३ च्या दिवाळीत आमची लेक मला म्हणाली, "आई, आजीचंच काम आहे गं हे. फक्त पायपीट नाही." त्या कामाचं नाव अफिलिएट मार्केटिंग. म्हणजे मोबाईलवरच्या दुकानातली एखादी वस्तू आपण लोकांना सुचवायची, आपल्या नावाची खूण असलेली लिंक द्यायची आणि त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की दुकान आपल्याला कमिशन देणार. माल आपला नाही, पार्सल आपण करायचं नाही, पैसेही आपण घ्यायचे नाहीत. घरबसल्या!

"घरबसल्या" हा शब्द ऐकला की आपलं बायकांचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

माझ्याजवळ भिशीचे बारा हजार आले होते. सासूबाईंच्या दातांच्या कवळीसाठी ते बाजूला ठेवले होते. जुनी कवळी सैल झाल्यामुळे त्या भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. मनात आलं, दोन महिन्यांत हेच पैसे दुप्पट करू आणि कवळी चांगल्यातली बसवू. ह्यांना काही बोलले नाही. सातपूरला कारखान्यातून थकून येणाऱ्या माणसाला कशाला आणखी डोक्याला ताप, असं स्वतःलाच समजावलं. खरं कारण वेगळं होतं. हे "नको" म्हणतील, अशी भीती होती.

पहिले २,९९९ गेले शिकवणीत. मोबाईलवरच एक गृहस्थ महिना पन्नास हजार कमवायला शिकवत होते. त्यांनी चार तासांत जे सांगितलं, ते सगळं दुकानाच्या स्वतःच्या नियमांच्या पानावर फुकट लिहिलेलं होतं, हे मला नंतर कळलं. आता वाटतं, एवढी कमाई असती तर त्यांनी ती शिकवत बसायचं कशाला? पण तेव्हा हे सुचलं नाही.

मग वस्तू निवडली. कशी निवडली, तर जिच्यावर कमिशन जास्त ती. खोली गरम करायचा छोटा हीटर, किंमत नऊशेच्या आसपास, कमिशन पाच टक्के, म्हणजे एका हीटरमागे पंचेचाळीस रुपये. डिसेंबरचे दिवस होते. निफाडचा पारा उतरला की आपल्या नाशकात सगळे शाली शोधतात, तेव्हा हीटर खपणारच, असा माझा हिशेब. मी तो हीटर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. फोटो पाहून आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून मीच छान मराठीत चार ओळी लिहिल्या, "आमच्या घरात आता थंडीचं नाव नाही!"

ओळखीपाळखीच्या लोकांत चार-पाचच खपले. त्यातला एक तर मीच माझ्या लिंकवरून घेऊ पाहत होते. लेकीनं नियम दाखवले. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलं तर सहसा कमिशन मिळत नाही, उलट खातंच बंद होऊ शकतं. मग शिकवणीतलं पुढचं पाऊल टाकलं. त्याला ट्रॅफिक आर्बिट्राज म्हणतात. नाव भारी, पण गोष्ट साधी आहे. जाहिरातीला पैसे भरून गिऱ्हाईक विकत आणायचं, दुकानाच्या दारात सोडायचं आणि त्याच्या खरेदीवर कमिशन घ्यायचं. आणायला लागले त्यापेक्षा कमिशन जास्त मिळालं तर नफा, कमी मिळालं तर तोटा.

रोज तीनशे रुपये, वीस दिवस. माणशी तीन रुपयांना गिऱ्हाईक मिळत होतं, म्हणजे दोन हजार माणसं. मी रात्री पांघरुणात तोंड घालून आकडा पाहायची. आज शंभर जण आले, आज एकशे दहा! वाटायचं, अख्खी मेन रोडची गर्दी आपल्या दाराशी लोटली आहे. कुणी घेत नाही असं दिसलं की मी घाबरून फोटो बदलायची, मजकूर बदलायची आणि जिल्हेही बदलायची, सगळं एकाच रात्री. इडलीचं पीठ फुगलं नाही तर आपण एकदम तांदूळ, डाळ, पाणी आणि भांडं बदलतो का? एकेक बदलून पाहतो, म्हणून तर कळतं कुठे चुकलं. इथे मात्र ती अक्कल गहाण ठेवली होती. जाहिरात साऱ्या महाराष्ट्रात सोडली होती. रत्नागिरीचा माणूस खोली गरम करायचा हीटर कशाला घेईल, हे मला वीस दिवसांत एकदाही सुचलं नाही.

वीस दिवसांत चोवीस हीटर खपले. पडद्यावर कमाई दिसली १,०८० रुपये. जाहिरातीचे झाले ६,०००, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, तो किती? बरोबर १,०८०. म्हणजे मी जे मिळवलं ते नुसत्या करात गेलं आणि मूळ सहा हजार तसेच गेले. पुढे चोवीसातले सात हीटर परत आले. त्यांचं कमिशन वजा झालं आणि हातात उरले ७६५. पडद्यावर दिसते ती कमाई नव्हे. माल परत करायची मुदत संपली की मग खरा आकडा पक्का होतो. हेही नियमांच्या पानावर होतं.

पैशाचं एक वेळ सोडा. समोरच्या वहिनींनीही माझ्या लिंकवरून हीटर घेतला होता, त्यांच्या सासूबाईंच्या खोलीसाठी. एकदा रात्री दहाच्या सुमारास त्यांच्याकडे आरडाओरडा झाला. धावत गेले तर खोलीत जळकट वास, भिंतीवरचा प्लग काळा पडलेला, म्हातारीला दुसऱ्या खोलीत आणून बसवलेलं. हीटर दोन हजार वॅटचा. म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढणारा. त्याला सोळा अँपिअरचा मोठा प्लग हवा, गीझरला असतो तसा. वहिनींनी जाड पिनेला कन्व्हर्टर लावून तो टेबलफॅनच्या छोट्या प्लगात बसवला होता. छोटा प्लग सहा अँपिअरचा, तो तापून वितळला. मी हीटर एक दिवस जरी घरात चालवला असता, तर जाड पीन पाहून ते माझ्या लक्षात आलं असतं आणि त्या चार ओळींत पाचवी ओळ लिहिली असती.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला यात काही मिळतं का हो?"

मी म्हटलं, "अगदी थोडं."

"मग तसं तेव्हाच सांगायचं ना. मला वाटलं, तुमच्याकडे आहे म्हणून सांगताय."

नव्या प्लगाचे आणि इलेक्ट्रिशियनचे पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. मात्र आमच्या दोन दारांमधली वाटी बंद झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी सुनेला पाठवलं, स्वतः आल्या नाहीत.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की माझा तो आडपडदा नुसता शेजारधर्माला सोडून नव्हता, नियमालाही सोडून होता. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्येच सांगितलं होतं, की पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यानं तसं ठळक लिहावं. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, की शिफारस करणाऱ्याचं मत खरं हवं आणि त्यामागे वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा. २०२३ च्या जानेवारीत ग्राहक व्यवहार विभागानं हे सोप्या भाषेत पुन्हा एकदा सांगितलं. म्हणजे माझ्या हीटरच्या आधी जवळजवळ वर्षभर. आम्ही बायका डब्यावरची एक्सपायरीची तारीख भिंग लावून वाचतो, पण नियम वाचायचा कंटाळा!

फेब्रुवारीत निफाडहून भाऊ द्राक्षांची पेटी घेऊन आला. त्याच्यापुढे सगळं बोलून गेले. भाऊ कांदा लासलगावला नेतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ताई, घट धरली होती का?"

"घट?"

"चाळीत शंभर क्विंटल भरला म्हणजे शंभरच निघतो का? सुकतो, सडतो, कोंब येतात. वर हमाली, तोलाई, गाडीभाडं. ते सगळं वजा करून भाव परवडतो का, ते बघायचं असतं. तू तर भरला तेवढा मोजलास."

मग आम्ही कागद घेऊन बसलो. अंगठा चुकून लागला म्हणून जाहिरात उघडलेली माणसं, आईच्या मोबाईलवर खेळ खेळणारी पोरं, नुसतं बघून जाणारे, आज बघून चार दिवसांनी घेणारे (बऱ्याच दुकानांत आपली खूण ठरावीक तास किंवा दिवसच टिकते, नंतर त्यानं घेतलं तरी आपल्याला काही नाही), परत करणारे, आणि कर. करासकट माणूस मला पडला तीन रुपये चोपन्न पैशांना. त्यानं मला मिळवून दिले अडतीस पैसे. भाऊ हसला नाही, हे त्याचे उपकार. तो म्हणाला, "पहिल्या दिवशी तीनशेच्या जागी शंभर लावून बघितले असतेस आणि हा कागद मांडला असतास, तर तिसऱ्या दिवशीच दुकान बंद केलं असतंस."

त्या रात्री ह्यांना आणि सासूबाईंना सांगितलं. बारा हजारांतले हातात उरले होते १,९२१, अधिक ते ७६५. हे काही बोलले नाहीत, नुसते पाणी प्यायला उठले. सासूबाईंनी हिशेबाची वही मागितली, चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि म्हणाल्या, "माझ्या कमिशनात परतीचा माल नसायचा बाई. आणि ज्या पोस्टात मी दुसऱ्यांचे भरायची, तिथेच माझंही खातं होतं." कवळी त्यांनी स्वतःच्या आर.डी.तून करून घेतली. मला अजून ते आठवलं की घास घशात अडकतो.

हे काम मी सोडलेलं नाही. जाहिरातीला मात्र एक पैसा देत नाही. घरात महिनाभर वापरलेल्या वस्तूबद्दलच लिहिते. कुकरची रिंग किती महिन्यांनी सैल होते, मिक्सरचं कोणतं भांडं ओल्या चटणीला दमतं, असलं काहीबाही. पहिली ओळ ठरलेली असते, "ही जाहिरात आहे, या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळतं." महिन्याला कधी सातशे सुटतात, कधी बाराशे. पाचशे वेगळे काढून मी सासूबाईंच्या नावाच्या डब्यात टाकते. त्यांना ते माहीत आहे, पण त्या तसं दाखवत नाहीत.

त्याच वर्षी चैत्रात कुरडयांचा गहू भिजत घातला होता, तेव्हा वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. सोऱ्या मोडला होता त्यांचा.

"तुमच्या मोबाईलवर विजेवर चालणारा सोऱ्या मिळतो म्हणे. वापरलाय का तुम्ही?"

"नाही वापरलेला," मी म्हटलं.

"मग नको. भांडी बाजारात जाऊन पितळी बघू. येता का?"

मी हात पुसले आणि पिशवी घेतली.