घड्याळांच्या गांवीं तबकडीचा शोध

स्वित्झर्लंडास गेलेला प्रवासी बहुधा सरोवरें व हिमशिखरें पाहून परततो. आम्ही गेल्या उन्हाळ्यांत त्या देशाच्या पश्चिम सीमेवरील जुरा पर्वतांत, ला शो-द-फों नांवाच्या गांवीं तीन दिवस राहिलों. येथें हिमशिखर नाहीं, सरोवरहि नाहीं. येथें आहेत तीं घड्याळें. नशातेल शहराहून डोंगर चढणारी आगगाडी वाटेंत चांब्रेलिएँ स्थानकावर थांबते व तेथून उलट तोंडानें पुढें निघते. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त नशातेल येथें असतो. त्यानें आधीं सूचना दिली नसती, तर गाडी परत चालली असें समजून आम्ही खचित उतरून पडलों असतों.

हें गांव सुमारें १००० मीटर उंचीवर आहे. हिवाळा दीर्घ, शेती बेताची. १७९४ सालीं मोठी आग लागून गांवाचा बराच भाग भस्मसात् झाला, आणि पुन्हां वसवितांना तो पाटीवर आंखलेल्या चौकटींप्रमाणें सरळ रेषांत वसविला गेला. पुढें १८३५ मध्यें शार्ल-आंरी जूनो यांच्या नकाशानें ही रचना पक्की झाली. उतारावर समांतर रस्ते, घरांच्या ओळींमध्यें बागा, आणि घरोघर मोठ्या खिडक्या. हें सारें शोभेसाठीं नव्हे. केंसाएवढ्या कांट्यावर दिवसभर दृष्टि ठेवणाऱ्या कारागिरास उजेड हाच भांडवल. एका घरांत चक्रें होत, दुसऱ्या घरांत कांटे, तिसऱ्या घरांत केवळ तबकड्या. कार्ल मार्क्स यांनीं १८६७ च्या ‘कॅपिटल’ ग्रंथांत या सबंध गांवास एकच घड्याळाचा कारखाना म्हटलें आहे, तें येथील रस्त्यांवरून हिंडतांना पटतें. २००९ मध्यें युनेस्कोनें हें गांव व शेजारचें ल लोक्ल यांस जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. ल लोक्ल हें नांव वाचकांस अपरिचित वाटेल. परंतु ज्या ‘फेव्हर ल्युबा’ घड्याळानें आपल्याकडील कितीएक वडील मंडळींच्या मनगटावर जन्म काढला, त्या पेढीचें मूळ १७३७ मध्यें त्याच गांवीं आहे.

आतां आमच्या येण्याचें कारण सांगतों. आमचे कै. तीर्थरूप तालुक्याच्या गांवीं डॉक्टरी करीत. त्यांच्या मनगटावर एक स्विस क्रोनोग्राफ असे. डाव्या हातानें रोग्याची नाडी धरून ते उजव्या हातानें घड्याळाची कळ दाबीत. लांब कांटा धावूं लागे. पंधरा ठोके पुरे झाले, कीं पुन्हां कळ. आणि तबकडीच्या कडेवरील ज्या अंकासमोर कांटा थांबला असेल, तोच मिनिटाच्या ठोक्यांचा आंकडा. गुणाकार नाहीं, मिनिटभर थांबणें नाहीं. त्यांच्या मागें तें घड्याळ आमच्या थोरल्या बंधूंकडे राहिलें. यंत्र शाबूद आहे, परंतु कोंकणच्या दमट हवेनें तबकडीस फोड येऊन तिचे निम्मे अंक गळून गेले. बंधूंच्या घरीं दोन पक्ष पडले. एक म्हणे, जुनी तबकडी आहे तशी राहूं द्या. दुसरा म्हणे, नवी बसवा, घड्याळ निदान घरांतील डॉक्टर सुनेच्या उपयोगीं पडेल. जुन्या तबकडींच्या नव्या प्रतिकृति येथें मिळतात असें पुतण्यानें कळविलें, म्हणून घड्याळाचा डबा आमच्या हातीं देण्यांत आला.

क्रोनोग्राफ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘काललेखक’. तो प्रथम अक्षरशः खरा होता. १८२१ सालीं निकोला रियुसेक यांनीं पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतींत जें यंत्र वापरलें, तें फिरत्या तबकडीवर शाईचा थेंब टाकून वेळ नोंदवी. त्याच्याहि आधींचें, १८१६ चें, लुई म्वाने यांचें यंत्र २०१३ मध्यें प्रकाशांत आलें. तें सेकंदाचा साठावा भाग मोजतें. त्या भागास तिकडे ‘तिसरा’ म्हणतात, कारण तासाचे साठ, त्याचे साठ, आणि पुन्हां त्याचे साठ. घटिका, पळ आणि विपळ शिकलेल्या मनुष्यास ही पायरी निराळी सांगावी लागत नाहीं. जुन्या मनगटी क्रोनोग्राफाचें यंत्र बहुधा सेकंदास पांच ठोके देतें. म्हणजे त्याचा एक ठोका आपल्या अर्ध्या विपळाएवढा.

लेओपोल्द रोबेर हा येथील हमरस्ता. त्याच्या मागल्या गल्लींत एका वृद्ध घड्याळजीनें आमच्या घड्याळास बसतील अशा तीन तबकड्या मखमलीवर मांडल्या.

पहिली पाहतांच पुतण्या हरखला. “काका, ही अगदीं आजोबांच्या घड्याळाची!” तिचा रंग जुन्या दुधासारखा, कडा करपल्यासारख्या, अंक तपकिरी, दोन ठिकाणीं डागहि छापलेले. दुसरी काळी. तिच्यावर दोन मापें होतीं. एक वेगाचें: कळ दाबून एक किलोमीटर जाण्यास लागणारा वेळ मोजावयाचा, कीं कांटा ताशीं वेग दाखवितो. ३६०० ला सेकंदांनीं भागावें, एवढेंच तें गणित. ३६ सेकंदांसमोर १००, ४५ समोर ८०, ६० समोर ६०. दुसरें माप अंतराचें. वीज चमकली कीं कळ दाबावी, गडगडाट ऐकतांच पुन्हां दाबावी. ध्वनीस एक किलोमीटर येण्यास सुमारें तीन सेकंद लागतात, त्या हिशेबानें वीज किती दूर पडली तें कळतें. उष्णतेप्रमाणें ध्वनीचा वेग थोडा बदलतो, परंतु तोफांसाठीं केलेलें हें माप सह्याद्रीवरील वळवाच्या पावसांत कोणा शेतकऱ्यासहि उपयोगी पडेल. आम्हीं भिंगानें पांच-सहा ठिकाणें ताडून पाहिलीं, सारीं बरोबर. तबकडी उत्तम, पण नाडीचें माप नाहीं, म्हणून आमच्या कामाची नव्हे. तिसरी साधी, पांढरी, नाडीच्या मापाची.

मग पहिलीकडे वळलों. तिच्या कडेवर ‘१५ ठोक्यांसाठीं’ अशा अर्थाचीं फ्रेंच अक्षरें होतीं. पंधरा ठोक्यांस पंधरा सेकंद लागले तर नाडी ६०, हें मराठी चौथीचें गणित आहे. तबकडीवर मात्र पंधरा सेकंदांसमोर १२० छापलेलें! वीस सेकंदांसमोर ४५ हवे, तेथें ९०. उघड झालें कीं अंक ३० ठोक्यांच्या तबकडीवरून उतरविले आणि अक्षरें १५ वाल्या तबकडीवरून. या तबकडीवर विसंबून नाडी पाहिली, तर निरोगी मनुष्य तापानें फणफणलेला ठरेल.

हस्तलिखितांशीं ज्यांचा संबंध आला आहे, त्यांस ही व्याधि नवी नाहीं. एकाद्या लेखकानें जुन्या पोथीची नक्कल करतांना वाळवीचीं भोकें हुबेहूब काढावीं आणि श्लोकांतील अक्षर चुकवावें, तसा हा प्रकार. घड्याळजीस विचारलें, तेव्हां तो पुतण्यास फ्रेंचमध्यें म्हणाला, कीं गिऱ्हाईक रंग पाहतें, अंक कोणी मोजीत नाहीं. आम्हांस हें उत्तर प्रामाणिक वाटलें, पण समाधानकारक वाटलें नाहीं.

त्या तपकिरी रंगाबद्दलहि दोन शब्द लिहिणें भाग आहे. जुन्या घड्याळांचे अंक अंधारांत दिसावे म्हणून त्यांवर रेडियम मिसळलेला रंग देत. तो कालांतरानें करपतो. या जुरा भागांत १९६० च्या सुमारापर्यंत कितीएक स्त्रिया हें रंगकाम घरच्या टेबलावर बसून करीत. रेडियमचें तेज निम्म्यावर येण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. रंगांतील चमकणारा पदार्थ लौकर थकतो आणि अंक काळोखांत दिसेनासे होतात, परंतु रेडियम तसेंच राहतें. स्विस सरकारनें २०१५ पासून अशा जुन्या घरांची तपासणी करून जमिनी व भिंती स्वच्छ करविल्या. त्यांत या गांवचींहि घरें होतीं. नव्या प्रतिकृतींच्या रंगांत रेडियम नसतें, हें चांगलेंच. पण ज्या करपलेपणामागें इतकी हकीगत आहे, तो हौसेसाठीं मुद्दाम छापून घेणें आम्हांस रुचलें नाहीं.

यावर पुतण्यानें आपलें मनगट पुढें केलें. त्याचें घड्याळ चीनमधील तिआंजिनचें. १९६१ मध्यें तेथील कारखान्यास वैमानिकांसाठीं क्रोनोग्राफ करण्याची आज्ञा झाली. याच जुरा पर्वतांतील मुतिए गांवच्या ‘व्हीनस’ कारखान्याचीं यंत्रें तिकडे नेण्यांत आलीं, आणि १९६३ मध्यें नमुना पसंत झाला. त्या घड्याळाच्या नव्या आवृत्त्या आतां हौशी लोक घेतात. कांहींवर माणकांची संख्या १९ छापलेली, कांहींवर २१. आणि खरी आवृत्ति कोणती यावर मित्रमंडळींत रात्र रात्र वाद होतो. आम्हीं म्हटलें, झांकण उघडून माणकें मोजावीं. तो हंसला. तरी एक गोष्ट त्या घड्याळाच्या बाजूची आहे: तें स्वतःस नवें म्हणवितें. आपल्या मुंबईच्या बाजारांत जुन्या घड्याळावर ताजी तबकडी रंगवून तें ‘मूळचेंच’ म्हणून विकतात, त्याहून हें शतपट बरें.

आम्हीं पांढरी तबकडी घेतली. पंधरासमोर ६०, वीससमोर ४५, दहासमोर ९०. तिघांनींहि मोजून पाहिलें. ती जुनी दिसत नाहीं, आणि बंधूंच्या घरीं कोणी तरी त्याबद्दल कुरकुरेल हें आम्ही जाणतों. जुनी तबकडी कागदांत गुंडाळून त्याच डब्यांत ठेविली आहे. ज्या पक्षास हवी असेल त्यानें काढून पहावी. बसविण्यापूर्वीं घड्याळजीनें नव्या तबकडीच्या पाठीवर चालू साल कोरावें, अशी आम्हीं विनंति केली. त्यानें आनंदानें मान्य केली, वर आमच्याकडून देवनागरी अंक कागदावर लिहून घेतले, आणि त्या कामाचे निराळे पैसे घेतले नाहींत.