वाढत्या अंगाचे माप

‘वाढत्या अंगाचे घ्या’ हे शब्द ऐकतच आमची पिढी मोठी झाली. शाळेतल्या शर्यतीसाठी वडिलांनी पोटाला चिमटा काढून मला बूट घेतले, तेही दोन बोटे मोठे. पुढे चिंध्या कोंबून मी धावलो आणि अर्ध्यावरच पडलो. दोष मापाचा होता. पण धावणे हे आपले काम नव्हे, अशी समजूत मनात घट्ट बसली.

गेल्या हिवाळ्यात पुतण्याला घेऊन उत्तराखंडातील औली येथे गेलो. स्की भाड्याने घेताना मी सवयीने त्याच्या उंचीहून लांब जोडी मागितली. प्रशिक्षकाने हसून दुसरीच स्की त्याच्यासमोर उभी धरली. नवशिक्याच्या स्कीचे टोक हनुवटी आणि नाक यांच्यामध्ये यावे, हा त्याचा साधा हिशेब. पुतण्याची उंची 140 सेंटिमीटर. त्याला 125 ची जोडी मिळाली. मूल वजनाने हलके असेल तर थोडी आखूड, भारी असेल तर थोडी लांब. लांब स्की वेगात स्थिर राहते, पण वळवणे कठीण. आखूड स्की चटकन वळते. आणि उतारावर ज्याला वळता येते, त्यालाच वेग आवरता येतो.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मी या मापांचा मागोवा घेतला. नॉर्वेत हात उंचावून उभे राहिल्यावर मनगटापर्यंत पोहोचेल एवढी स्की घेण्याची रीत होती. बर्फाळ माळरानावर लांबचा पल्ला गाठण्यास ती योग्यच होती. मात्र ऑस्ट्रियाच्या माथियास झ्डार्स्की यांनी 1890 च्या दशकात आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी स्की आखूड केल्या. 1960 च्या दशकात अमेरिकेत क्लिफ टेलर यांनी अगदी आखूड स्कीवर आरंभ करून क्रमाक्रमाने लांबी वाढवण्याची पद्धत रुजवली. माप माणसासाठी आणि जमिनीसाठी असते, हे या साऱ्यांनी ओळखले होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्या वळू लागला. पडला, पण घाबरला नाही. पडणाऱ्या मुलाला आपण भित्रा ठरवतो, तेव्हा त्याच्या पायाखालचे माप कोणी पाहिलेले असते का, हा प्रश्न तेव्हापासून वर्गातही माझी पाठ सोडत नाही.

परतताना त्याने विचारले, “काका, पुढच्या वर्षी लांब स्की घ्यायची?”

म्हटले, “तेव्हा पुन्हा मोजू.”