वाटेवरचे पाणी

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन मी लंडनहून रोमपर्यंत रेल्वेने गेले. विमानाने अडीच तासांत संपणारे हे अंतर आम्ही मुद्दाम तीन आठवड्यांत कापले. आई पंचाहत्तरीची, तिला शहरे आणि डोंगर सावकाश पाहायचे होते. संग्रहालये, पूल, मनोरे यांची यादी मी करून ठेवली होती. तिच्यात पाण्याचा उल्लेख नव्हता.

पॅरिसमध्ये दुसऱ्याच दुपारी ऊन तापले. एका चौकात गडद हिरव्या रंगाचे लोखंडी कारंजे दिसले. चार स्त्रीमूर्तींनी घुमट तोललेला आणि मधून पाण्याची बारीक धार. १८७०-७१ च्या युद्धानंतर गरिबांना शुद्ध पाणी मिळावे म्हणून रिचर्ड वॉलेस या इंग्रज गृहस्थाने १८७२ पासून स्वखर्चाने असे पाणवठे उभारले. पूर्वी तेथे साखळीने बांधलेले पेले असत. आरोग्याच्या कारणास्तव ते १९५२ साली काढले गेले. हे सांगत असताना माझे लक्ष गेले, तर आई दोन हात दूर, ओंजळ पुढे करून उभी होती.

"घे ना पाणी," मी म्हटले.

"तू घाल की," ती म्हणाली. मग तिचे तिलाच उमगले आणि ती ओशाळून हसली.

त्या रात्री ती प्रथमच बोलली. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी विहिरीला हात लावण्याची तिला मुभा नव्हती. कोणी येऊन वरून ओतेल तेव्हा ओंजळीत घ्यायचे, तोवर थांबायचे. "आमच्याकडं नळ आला तवा मी सातवीत हुते," ती म्हणाली. दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याविषयी मी भाषणे ऐकली, एकदोनदा स्वतः केलीही. आईला मात्र तिच्या पाण्याविषयी कधी विचारले नव्हते.

यानंतर यादी मागे पडली. झ्युरिकमध्ये बाराशेहून अधिक कारंजी आहेत. दिसेल तेथे आई थांबे आणि बाटली भरून घेई. पुढे आल्प्स ओलांडताना ५७ किलोमीटरच्या नव्या बोगद्याऐवजी आम्ही १८८२ साली सुरू झालेला जुना गॉटहार्ड मार्ग निवडला. वासेन गावापाशी गाडी वळसे घेत चढते आणि एकच पांढरे चर्च तीनदा दिसते, आधी वर, मग समोर, मग खाली. आईचे डोळे मात्र रॉयस नदीवर होते. "हे पानी कुठं जातं?" ऱ्हाईनला मिळून उत्तर समुद्राला, मी सांगितले; बोगद्यापलीकडचे मात्र टिचिनो आणि पो नद्यांतून एड्रियाटिकला. "डोंगर येकच, वाटा दोन," ती म्हणाली आणि खिडकीला टेकून बसली.

रोममध्ये रस्तोरस्ती बिडाचे बुटके नळ आहेत, सुमारे २,५००. पहिले १८७४ मधले. वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना 'नासोने', म्हणजे मोठे नाक, म्हणतात. पाणी अखंड वाहते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून धार उसळते आणि न वाकता पिता येते. एका शाळकरी मुलाचे पाहून आईनेही बोट लावले. पहिली धार थेट चष्म्यावर आली. दुसरी तिने नीट पकडली.

मागे चार-पाच माणसे थांबली होती. मी तिला घाई करणार होते, केली नाही.